विहिणीच्या गाण्याची कंपनी

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गाण्याची कंपनी चालवतात. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इमारत येते. आमच्या कंपनीत एक कॉम्प्युटर, एक माईक आणि एक टेबल फॅन आहे, आणि गाणं चालू असताना फॅन बंद ठेवावा लागतो.

आधी त्यांचं पांढुर्ण्यात कॅसेटचं दुकान होतं. गावातल्या बुवांकडून मारुतीची भजनं गाऊन घ्यायची आणि शनिवारी जामसांवलीच्या मारुतीच्या देवळाच्या वाटेवर विकायची, असा धंदा. मग सीडी आली. मग मेमरी कार्ड आलं. लोक मोबाइल घेऊन दुकानात यायचे आणि भासरे एका कार्डात इतकी गाणी भरून द्यायचे की ऐकता ऐकता माणूस म्हातारा व्हावा. नंतर गाणी हवेतूनच मोबाइलमध्ये यायला लागली. दुकानात मग एक आजोबा तेवढे रोज यायचे, तेही सावलीला बसायला.

कोणीतरी म्हणालं, मोबाइलवर चॅनेल काढा, जाहिरातींचे पैसे येतात. भासऱ्यांनी चॅनेल काढला आणि एक भजन टाकलं. ऐकणारे पुष्कळ झाले. पैसे मात्र असे आले की तेवढ्या लोकांनी प्रत्येकी मोहरीचा एक दाणा दिला असता तर निदान घरची फोडणी झाली असती. पुढच्या महिन्यात तेही बंद. भजन भरून घेताना मागच्या रस्त्यानं एक वरात गेली होती. वरातीतले बँडवाले सिनेमातलं गाणं वाजवत होते आणि ते भजनात मागे बारीक ऐकू येत होतं. ज्या मोठ्या कंपनीचं ते गाणं, तिच्या यंत्रानं ते बरोबर ओळखलं आणि कळवलं की या भजनाची कमाई इथून पुढे आमची.

भासरे अंगणात येऊन खाटेवर बसले. "मारुतीच्या भजनाचे पैसे हिरोइनीकडे जाऊन राहिले," म्हणाले.

"जाऊ द्या," माझ्या जाऊबाई म्हणाल्या. त्या भासऱ्यांच्या बायको. "मारुती ब्रह्मचारी हाय. थो काही हिरोइनीच्या दारी मांगाले जात नाही."

भासरे मात्र हट्टी. बाहेरचा टिपूस आवाज येणार नाही अशी खोली शोधायचीच, असं त्यांनी ठरवलं. दुकानात भिंतींना गाद्या लावून पाहिल्या. तरी शेजारच्या गिरणीचा आवाज यायचा. एक दिवस ते कापसाच्या खोलीत माईक ठेवून आले. भाव येईपर्यंत कापूस आम्ही घरातच ठेवतो. खालपासून वरपर्यंत कापूस, दारापुढे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. भासऱ्यांनी माईक लावला, दार ओढलं आणि बाहेर कॉम्प्युटरपुढे बसले, आत किती शांत आहे ते ऐकायला.

आत मी होते. ढिगावर चढून मागच्या बाजूचा कापूस पायानं दाबत होते, म्हणजे आणखी मावला असता. आणि मी गात होते.

मी कधी कोणासमोर गात नाही. कोणासमोर फार बोलतही नाही. एकदा शेजारीण जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारून गेली होती, "लहानीले बोलता येते ना वं?" शाळेत चौथीत असताना गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं, तर मी खाली बसून रडले. पुढच्या वर्षी शाळेत गेलेच नाही. घरच्यांनीही विचारलं नाही, वेचणीचे दिवस होते. पण कापसाच्या खोलीत कितीही मोठ्यानं गा, बाहेर जात नाही. म्हणून तिथं मी जोरात गायचे. त्या दिवशी लग्नातली गाणी चालली होती, विहिणीला चिडवायची, आई गायची ती. जिथं ओळी आठवत नव्हत्या तिथं माझ्या घालत होते.

बाहेर आले तर भासरे कानांना हेडफोनची डबडी लावून दगडासारखे बसलेले. मी पदर ओढला आणि स्वयंपाकघरात पळाले. आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. समोरही येत नाही. त्यामुळे पुढची सगळी बोलणी जाऊबाईंच्या मार्फत झाली, आणि आम्ही तिघंही एकाच घरात होतो.

"तिले विचार, थे गाणं पुन्हा गाईन काय?"

"थे म्हणतात, पुन्हा गाशीन काय?"

"नाही."

"थे नाही म्हणते."

"तिले सांग, नाव नाही टाकणार. फोटो नाही टाकणार."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार केला. कापसात उभं राहायचं, दार बंद, तोंड कोणाला दिसणार नाही. "कोणालेच नाही सांगायचं," मी म्हणाले. "ज्या दिवशी लोकाईले कळलं का हा माहा आवाज होय, त्या दिवसापासून बंद." जाऊबाईंनी ते जसंच्या तसं पलीकडे दिलं. भासऱ्यांनी मारुतीची शपथ घेतली. जाऊबाईंनीही घेतली.

झालं, गाणी सुरू झाली. मी आत कापसात, भासरे बाहेर कॉम्प्युटरवर, जाऊबाई दारात. "तिले सांग, जरा माईकच्या जवळ." "तिले सांग, शिंकू नको." कापसात शिंका फार येतात. एका गाण्यात मी शिंकलेच, तर भासऱ्यांनी ती शिंक काढली नाही. ऐकणाऱ्यांना ती फार आवडली. चॅनेलवर माझ्या तोंडाच्या जागी संत्र्याच्या टोपलीचा फोटो असायचा. गावात बायका मोबाइलवर ऐकायच्या आणि कोण असेल बाई ही, म्हणून बोलायच्या. मी तिथंच बसून भाजी निवडत असायचे. माझा बोलतानाचा आवाजच कोणी नीट ऐकला नव्हता, तर ओळखणार कसं?

ऐकणारे खूप, पैसे तेच, मोहरीएवढे. हे असंच चालायचं, असं भासरे म्हणायला लागले होते, तेवढ्यात एका मंडपवाल्याचा फोन आला. तो सगळ्या भागात लग्नाचे मंडप आणि स्पीकर लावतो. म्हणाला, "हे जे बाई आहे तुमच्याकडे, थे माह्या गिऱ्हाइकाच्या विहिणीवर गाऊन देईन काय? म्हणजे थ्याच विहिणीवर. तिच्या सवयी मी सांगतो."

तिथून कंपनीचं नशीब उघडलं. तेव्हा आम्हाला कळलं की माणूस गाणं फुकट ऐकतो, पण आपल्या विहिणीवरचं गाणं पाहिजे असेल तर खिशात हात घालतो. आधी प्रत्येक घरात दोन-तीन बायका असायच्या, त्या मांडवात उभ्या राहून जागच्या जागी गाणं रचायच्या. आता त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि नव्या पोरींना चिडवायला येतं पण यमक जुळत नाही. सौसर, पांढुर्णा, सावरगाव, सगळीकडून मागणी यायला लागली. तीही त्या एकाच मंडपवाल्यामार्फत. गाणं कुणासाठी ते तो आम्हाला सांगायचा नाही, आणि कुठून आणलं ते गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. दोन टोकं एकमेकांना भेटली तर मधल्याला कोण विचारतं? गाण्यात नाव कोणाचंच नसतं, फक्त विहीण. मंडपवाला फोनवर सवयी सांगायचा, जाऊबाई दारातून मला सांगायच्या, मी कापसात उभी राहून जुळवायचे.

कापसाला चांगला भाव आला तेव्हा भासऱ्यांनी कापूस विकला नाही. व्यापारी दारात येऊन गेला. "ह्या खोलीतला नाही देत," भासरे म्हणाले. "का वो?" "गाणं हाय थ्यात." तो व्यापारी पुन्हा आला नाही.

असंच एक गाणं आलं. मंडपवाला म्हणाला, मुलीकडच्यांना मुलाच्या आईवर पाहिजे, चांगलं झणझणीत. सवयी अशा: पोहे दिले की शेंगदाणे वेचून खाते आणि कांदा बाजूला ठेवते. साड्यांच्या दुकानात सगळं कपाट उतरवायला लावते आणि काही न घेता उठते. फोनवर इतक्या जोरानं बोलते की फोनची गरज नाही.

"काय बाई असतात एकेक!" जाऊबाई म्हणाल्या. त्या दारात बशी घेऊन पोहे खात बसल्या होत्या.

शेंगदाणे वेचणारी बाई मी कुठंतरी पाहिली होती, पण कुठं ते काही आठवेना. मी गायला लागले:

विहीणबाई आल्या, पोहे खाया बसल्या,
शेंगदाणे येचले नं कांद्यावर रुसल्या.

पन्नास साड्या पाहिल्या, एक नाही घेतली,
घड्या घालता घालता दुकानदाराची कंबर धरली.

जाऊबाई इतक्या हसल्या की बशी खाली ठेवावी लागली. फोनची ओळ मला जमेना, तर त्यांनीच सांगितली:

फोनवर बोलते तवा गाव सारा जागा,
नागपूरच्या बहिणीले बिना फोनचं सांगा.

"आनिक एक टाक," त्या म्हणाल्या. आता त्यांना चेव आला होता. "अशी बाई घोरत बी असन. टाक."

घोरते विहीण, जशी गिरणी पिठाची,
शेजारी उभे रांगेत, पायली घेऊन गव्हाची.

बाहेर भासऱ्यांना खोकला आला. बराच वेळ थांबेना. जाऊबाईंनी पाणी दिलं. "धूळ हाय कापसाची," त्या म्हणाल्या. भासऱ्यांनी मान हलवली आणि गाणं पाठवून दिलं.

त्यानंतर भासऱ्यांच्या मुलाचं लग्न आलं. मुलगी सौसरची, लग्न सौसरच्या मंगल कार्यालयात. व्यवहारातलं काही राहिलं नव्हतं, मानपान झाले, अक्षता पडल्या आणि विहिणीची पंगत बसली. ही पंगत म्हणजे मुलाच्या आईचा मान. चौरंग, रांगोळी, उदबत्ती, आणि मुलीकडच्या बायका आग्रह करकरून वाढतात आणि वाढता वाढता चिडवतात. जाऊबाई मधोमध बसल्या, नाकात नथ, शालू. त्यांच्या शेजारी मी, पदर डोळ्यांपर्यंत.

तेवढ्यात स्पीकर खरखरला आणि माझा आवाज आला. *विहीणबाई आल्या, पोहे खाया बसल्या.*

जाऊबाईंनी मला कोपर मारलं. "आपलं गाणं!" त्या कानात म्हणाल्या. त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "पाह्य वं, सौसरपर्यंत पोचलं!"

मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी पंगत त्यांच्याकडे पाहते आहे. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या ताटाकडे. ताटाच्या कडेला मसालेभातातले काजू वेचून ओळीनं लावलेले होते, आणि कांदा दुसऱ्या बाजूला.

साडीची ओळ आली. मुलीच्या आईनं तोंडाला पदर लावला. नागपूरच्या बहिणीची ओळ आली, तर नागपूरची बहीण समोरच्याच पाटावर बसलेली होती, ती हसता हसता पाटावरून सरकली. घोरण्याच्या ओळीला अख्खं कार्यालय हसलं.

"हे तं मी सांगतलं व्हतं," जाऊबाई पुटपुटल्या. घास हातातच होता.

मी भासऱ्यांना शोधलं. ते दाराशी उभे होते आणि स्पीकरपाशी उभ्या असलेल्या मंडपवाल्याकडे पाहत होते. मंडपवाल्यानंही त्यांना पाहिलं, नवरदेवाच्या बापाचा फेटा पाहिला आणि तो मंडपाच्या खांबामागे गेला. इतका जाड माणूस, इतका बारीक खांब.

आता रीत अशी, की विहिणीवर गाणं झालं की विहिणीकडून उत्तर आलं पाहिजे. रुसून उठली तर ती हरली, आणि गप्प बसली तर सगळं वऱ्हाडच हरलं. मुलीकडच्या बायका ओरडायला लागल्या, "उत्तर द्या! पांढुर्ण्याच्या जिभेले काय झालं वो? पोळ्याच्या गोटमारीत गोटे तं मोठे फेकता!" आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणालाच येईना.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. "चाल. उत्तर दे."

"मी? हितं? एवढ्या माणसात?"

"नाही तं मी उभी राहते नं सांगते सगळ्याईले, हा आवाज कोनाचा होय थो."

"बाई, मारुतीची शपथ घेतली तुमी!"

"मारुतीची आई नाही घोरत, माही लाज गेली इथं!"

त्यांनी मला ओढतच उठवलं. स्पीकरपाशी बिनवायरचा माईक होता, तो जाऊबाईंनी जाता जाता उचलला. आमच्या मागे कार्यालयाची गाद्यांची खोली होती, पाहुण्यांच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. त्यांनी मला आत ढकललं, दार लावलं, आणि मला गाद्यांच्या दोन ढिगांच्या फटीत कोंबलं. तिथं काळोख होता आणि वास जुन्या कापसाचा. मला एकदम बरं वाटलं.

"गा," त्या म्हणाल्या.

"कशावर?"

"जेवणावर गा. वरण पातळ हाय. लाडू दगड हाय."

मी डोळे मिटले.

सौसरच्या विहीणबाईनं गाणं इकत आणलं,
वरण बिचारं तुरीचं पाण्यातच न्हाणलं.

लाडू तुमचा टणक, दातानं काही फुटेना,
मामाजीची कवळी अडकली, कोणाच्यानं सुटेना.

बाहेर एवढा गलका झाला की दार हललं. नंतर कळलं, मुलीच्या मामांनी खरंच तोंड झाकून घेतलं होतं. मी आणखी चार ओळी गायले. मग बाहेर आवाज बदलला. "अवो, हा तं थोच आवाज!" "आपल्या गाण्यातली बाई!" "आपल्याच पैशाची बाई आपल्यावरच उलटली!" "आत हाय, आत, गाद्याईत!"

दाराबाहेर पावलं आली. दार उघडलं की मी दिसणार, मग अख्खं सौसर बघणार, मग पांढुर्णा, आणि मग प्रत्येक मांडवात उभं राहून गा म्हणणार. मी गाद्यांच्या फटीत आणखी आत सरकले, आणि वरच्या दोन गाद्या माझ्या अंगावर आल्या. माईक हातातून सुटला. तो जाऊबाईंनी उचलला.

दार उघडलं. दारात मुलीची आई, मागे पन्नास बायका. समोर जाऊबाई, घामाघूम, नथ वाकडी, हातात माईक.

गाद्यांच्या फटीतून मला हे सगळं दिसत होतं. माझं सगळं आता जाऊबाईंच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ कशी आहे ते मला माहीत होतं.

"तुमी?" मुलीची आई म्हणाली. "थे गाणं बी तुमचंच? सोताच्या घोरण्यावर तुमीच गायल्या?"

जाऊबाईंनी एकदा गाद्यांकडे पाहिलं. मग नथ सरळ केली.

"मंग?" त्या म्हणाल्या. "गाणाऱ्या बाईले आपलं-परकं नसते. गिऱ्हाइकानं मांगितलं, दिलं."

मुलीची आई खाली वाकली आणि जाऊबाईंच्या पाया पडली. मुलाच्या आईच्या पाया तिला तसंही पडायचंच होतं, पण हे पाया पडणं निराळं होतं. बायकांनी जाऊबाईंना उचलूनच बाहेर नेलं. मी गाद्यांखाली होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. वरात निघायची वेळ झाली तेव्हा घरचे मला शोधत आले. "इथं काय करून राहिली?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, झोप लागली.

तेव्हापासून जाऊबाई गायिका आहेत. मंडपवाल्याचं मधलं काम गेलं, कारण दोन्ही टोकं एकाच मांडवात भेटली होती. तो काही दिवस रुसला आणि मग स्पीकर घेऊन आमच्याच कंपनीत आला. आता लोक गाणं आणि त्याचं उत्तर अशी जोडी मागतात, एक मुलीकडचे, एक मुलाकडचे. दोन्हीकडून पैसे येतात, आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. शिवाय लोकांना जाऊबाई समोर पाहिजेत. ऐकायला चॅनेल आहे, पण पाहायला माणूस बोलावतात आणि त्याचा मानही वेगळा देतात. भासरे म्हणतात, कंपनीची खरी कमाई ती. जाऊबाई शालू नेसून स्टेजवर उभ्या राहतात आणि ओठ हलवतात. मी मागे गाडीत काचा वर करून बसते आणि गाते. कधी कधी त्यांचे ओठ मागे राहतात. गेल्या खेपेला एक म्हातारी म्हणाली, "काय ताकद हाय बाईत, आवाज तोंडाच्या आधी बाहेर निंगते!"

माझं नाव कुठंच नाही. मला याहून मोठं सुख मागता येत नाही.

फक्त एक त्रास आहे. परवा मी अंगणात ऊन खात संत्रं सोलत होते. जाऊबाई घरातून धावत आल्या.

"ठेव! ठेव थे! एवढ्या थंडीत संत्रं खाते काय? उद्या कार्यक्रम हाय, माहा आवाज बसन नं!"

मी संत्रं ठेवलं. जाऊबाईंनी माझ्यासाठी हळद घातलेलं गरम पाणी आणून दिलं, माझ्या गळ्याला त्यांचा मफलर नीट गुंडाळला, आणि मग समोर बसून ते संत्रं फोड फोड करून स्वतः संपवलं. त्यांच्या घशाला काहीच धोका नव्हता.